मॉडेलवरचा फसलेला रंग काढायला डेटॉल: मालवणातून अभिप्राय

आधी निकाल सांगतो, मग बाकीचं. प्लास्टिकच्या मॉडेलवर इनॅमल किंवा पाण्यातला अ‍ॅक्रिलिक रंग बिघडला असेल आणि तो मुळापासून काढायचा असेल, तर मेडिकलमधून डेटॉलची मोठी बाटली आणा. जखमेवर लावायची तीच पिवळसर तपकिरी बाटली. तिच्यात पाण्याचा थेंब न घालता भाग बुडवून ठेवा. रंग सुटतो, प्लास्टिक जसंच्या तसं राहतं. पाचपैकी चार गुण. एक का कापला ते पुढे येईलच.

मी होड्या रंगवतो. मालवणात जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होड्या वर ओढल्या की आमचं काम सुरू. फायबरच्या चिरा भरायच्या, लांबी, म्हणजे पुट्टी, लावायची, घासायचं, हात मारायचे आणि नारळी पौर्णिमेच्या आत नाव-नंबर घालून मोकळं व्हायचं. या धंद्यात रंग लावण्यापेक्षा जुना रंग काढण्यात जास्त वेळ जातो. लाकूड असेल तर ब्लोलॅम्प आणि खरवडायला पत्रा, फायबर असेल तर ग्राइंडर. पण मॉडेलचं प्लास्टिक जेमतेम मिलिमीटरभर जाड. त्याला आग दाखवायची सोय नाही आणि पत्रा लावला तर रंगाबरोबर बारीक नक्षीही जाणार. म्हणून इथे रसायनाशिवाय गत्यंतर नाही, आणि कुठलं रसायन हे नीट बघून ठरवावं लागतं.

ज्या मॉडेलवर हे करून बघितलं ते रॉकेट भाच्याचं. १:१४४ प्रमाणातलं सॅटर्न व्ही, चंद्रावर माणसं नेणारं. खरं ११०.६ मीटर उंच होतं, त्यामुळे मॉडेल साधारण ७७ सेंटीमीटर भरतं. गणपतीला पुण्याहून येताना खोकं घेऊन आला. मखराच्या बाजूला आरास म्हणून उभं करायचं असा बेत. चतुर्थी तोंडावर, बाहेर पावसाची झड, आणि याला उजळ, चकचकीत पांढरं रॉकेट पाहिजे. हार्डवेअरच्या दुकानातला सिंथेटिक इनॅमल आणला आणि पहिला हात बोटाला कोरडा लागतो म्हटल्यावर दुसरा चढवला.

रंगकाम करणाऱ्यांना पुढचं सांगायला नको. इनॅमल वरून वाळतो तो हवेतल्या ऑक्सिजनने. वरचा थर घट्ट होतो, आतला कच्चा राहतो. अशा वेळी दुसरा हात दिला की त्यातलं टर्पेंटाइन खाली उतरतं, कच्चा थर फुगतो, आणि वरच्या कातड्याला पसरायला जागा नसल्यामुळे ते दुधावरच्या सायीसारखं चुरमडतं. पहिल्या टप्प्याच्या नळकांड्यावर हातभर सुरकुत्या उठल्या होत्या. त्यात आपल्याकडची भाद्रपदातली हवा. दमटपणात इनॅमलची चमक जाते ती जातेच. सुरकुत्यांच्या मधल्या जागेत रंग मळकट, निस्तेज दिसत होता, आणि आठवडा उलटला तरी अंगठा दाबला की ठसा उमटत होता. वर काळे पट्टेही मारून झाले होते. आरतीला रॉकेट उभं राहिलं खरं, पण पाहुण्यांना त्याची एकच बाजू दिसेल असं ठेवून. सुट्टी संपली, भाचा पुण्याला गेला आणि जाताना म्हणाला, "मामा, तुम्ही बघा काय होतंय का. नाहीतर टाकून द्या."

टाकून कशाला द्यायचं? रंग बिघडलाय, प्लास्टिक नाही.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. अशा किटचं प्लास्टिक बहुतेक वेळा पॉलिस्टायरीन असतं. पॉलिस्टायरीनला चिकटवणारा पातळ गोंद काम करतो तोच मुळी प्लास्टिक विरघळवून. मग जे द्रावण त्याच जातीचं, ते रंगही काढेल आणि रॉकेटही. हार्डवेअरवाल्याला "रंग काढायचाय" म्हणालात की तो हसतमुखाने एनसी थिनर पुढे करतो. त्याची चूक नाही. त्याच्याकडे येणारे बहुतेक लोक लोखंडी गेट नाहीतर कपाट घेऊन बसलेले असतात. थिनरमध्ये टोल्युइन, अ‍ॅसिटोन असली मंडळी असतात. किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या काड्यांना जोडून येतात, त्या काड्यांचा, म्हणजे स्प्रूचा, एक तुकडा झाकणात ठेवून त्यावर थिनरचे थेंब टाका. चहा होईपर्यंत काडी बोटाला चिकटायला लागते. नखांचं पॉलिश काढायचं रिमूव्हर अ‍ॅसिटोनचं असेल तर तेच. पेट्रोल तर नकोच. आणि डब्यात येतं ते जेलसारखं पेंट रिमूव्हर, जे लोखंडावर लावलं की रंगाला फोड येतात, ते मिथिलिन क्लोराइडचं असेल तर प्लास्टिकचा गोळा होतो. त्याचा वासही डोक्यात जातो. आमच्या शेडमध्येसुद्धा मी ते दारं उघडी ठेवूनच वापरतो.

नवीन काहीही वापरण्याआधी स्प्रूवर रात्रभर करून बघा. स्प्रू फुकट असतो.

टर्पेंटाइन सुचेल, कारण इनॅमल त्यातच पातळ करतात. पण ते ओल्या रंगाचं औषध. वाळून बसलेल्या इनॅमलला ते नुसतं बुळबुळीत करतं. चोळत बसलं की पांढऱ्या रंगाचा लगदा नक्षीत आणखी खोल जातो, आणि ताणात बसलेलं पातळ स्टायरीन टर्पेंटाइनमध्ये भिजत राहिलं तर ठिसूळ पडण्याचा धोका वेगळाच. बाद.

राहिले चार उमेदवार: कॉस्टिक सोडा, ब्रेक ऑइल, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि डेटॉल.

कॉस्टिक सोड्याने इनॅमलचं तेल साबण होऊन सुटतं. तत्त्व चोख आहे, स्टायरीनलाही काही होत नाही. किटमधल्या चकचकीत क्रोमच्या भागांवरचा मुलामा उतरवायला तर त्याच्याइतकं झटपट काही नाही. पण डोळ्यात शिंतोडा उडाला तर डोळा जाऊ शकतो, आणि आमच्या घरात पोरंटोरं मागीलदारी सतत ये-जा करत असतात. मी नाही वापरला. ज्यांच्याकडे चष्मा, हातमोजे आणि कुलूप लागणारी खोली आहे त्यांनी खुशाल वापरावा.

ब्रेक ऑइल हा जुन्या मॉडेलवाल्यांचा लाडका उपाय. गॅरेजमध्ये मिळतं, स्वस्त आहे. पण बाटलीवर डॉट ३ किंवा डॉट ४ असं लिहिलेलं बघून घ्या. ते ग्लायकोल ईथरचं असतं आणि रंग सोडवतं. डॉट ५ म्हणजे सिलिकोन. ते रंगाला काहीच करत नाही, उलट भागावर सिलिकोनचा अंश राहिला तर नव्या रंगाला जागोजाग डोळे पडतात, रंग त्या ठिकाणी बसतच नाही. डॉट ३ मी स्प्रूवर आणि एका इंजिनाच्या नॉझलवर लावून बघितलं. काम करतं. पण त्याचे थेंब सांडतील तिथला रंग जातो. स्कूटरवर, टेबलावर, खिडकीच्या चौकटीवर. ते हवेतलं पाणीही ओढून घेतं, म्हणजे आपल्याकडे उघडं राहिलं की बघायलाच नको. शिवाय एबीएस प्लास्टिकच्या भागांना त्यात तडे जाऊ शकतात. नॉझल धुतल्यावरही बराच वेळ हाताला तेलकट लागत होतं, आणि तेलकट अंगावर रंग मारणं हे आमच्या धंद्यात पाप. ब्रेक ऑइलला दोन गुण.

आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे आयपीए, मोबाईल दुरुस्तीवाल्यांकडे असतं, बोर्ड धुवायला. त्यांच्याकडून थोडं मागून आणता येतं किंवा मागवता येतं. ९९ टक्क्यांचं घ्या. करोनात घराघरात साठलेलं सॅनिटायझर वापरू नका. त्यात पाणी असतं, कशाकशात ग्लिसरीन आणि जेलही. पाण्यातल्या अ‍ॅक्रिलिकला आयपीए झकास. काळे पट्टे अ‍ॅक्रिलिकचे होते ते कापसाच्या बोळ्याने सुटून आले. इनॅमलपुढे मात्र ते हात टेकतं. पेट घेणारी वस्तू आहे, तेव्हा चूल, गॅस, देवाजवळचं निरांजन, सगळ्यांपासून लांब.

आता डेटॉल.

बाटलीवर घटक वाचा. क्लोरोझायलेनॉल ४.८ टक्के, टर्पिनिऑल आणि अल्कोहोल. जंतू मारतं ते पहिलं. रंग सैल करतात ते टर्पिनिऑल आणि अल्कोहोल. म्हणून नुसतं "अँटिसेप्टिक" मागून चालत नाही. दुसऱ्या जातीची अँटिसेप्टिकं पाण्यातली असतात, त्यांनी रंग हलत नाही. डेटॉलच्याच नावाचा हात धुवायचा साबण किंवा फरशीचं द्रावणही नको. ते वेगळं प्रकरण आहे. इंग्लंडातले मॉडेलवाले ही युक्ती वर्षानुवर्षं करतायत. आपल्याकडे ती फारशी पोचलेली नाही याचं मला नवल वाटतं, कारण बाटली प्रत्येक घरात आहे.

पहिला प्रश्न भांड्याचा. इंजिनं, पंख, वरचं अपोलो यान, असले लहान भाग लोणच्याच्या काचेच्या बरणीत मावतात. पंचाईत पहिल्या टप्प्याच्या नळकांड्याची. सात सेंटीमीटर जाड आणि जवळजवळ तीस सेंटीमीटर लांब. बादलीत बुडवायचं तर दहा लिटर डेटॉल ओतावं लागेल, आणि तेवढ्या पैशात रॉकेट नवीन येईल. शेडमध्ये ९० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपाचा तुकडा पडला होता. खालून टोपण सॉल्व्हेंटने बसवलं, एक दिवस वाळू दिलं, आणि नळकांडं आत सोडलं. बाहेरून भोवती जेमतेम सेंटीमीटरभर फट राहते. नळकांड्याच्या पोकळीत वाळू भरलेली, बूच घट्ट लावलेली बारीक बाटली खोचली. ती आतली जागा खाते आणि नळकांडं तरंगू देत नाही. एका लिटरमध्ये काम भागलं. मोसमात अर्धा किलो सुरमईला जेवढं मोजतो तेवढ्यात. पंख अजून चिकटवलेले नव्हते हे नशीब, नाहीतर पाइपात गेलंच नसतं. ज्यांचे पंख लागून झालेत त्यांनी सुती फडकं डेटॉलमध्ये भिजवून भागाला गुंडाळावं आणि वरून प्लास्टिकची पिशवी आवळून बांधावी. तेही चालतं, फक्त मधून मधून फडकं ओलं करावं लागतं.

पाइपाचं तोंड झाकून मागच्या पडवीत ठेवला. तासाभरात घरभर दवाखान्याचा वास. शेजारची काकी कुंपणावरून विचारते, "कोणाक लागला काय?" आईने पाइपात डोकावून बघितलं आणि म्हणाली, "रॉकेटाक न्हाऊक घातलंस?" एक गुण कापला त्यातला अर्धा या वासाचा. हातमोजे घालूनही दोन दिवस जेवताना माशाच्या आमटीला डेटॉलचा वास येत होता. घरी लहान बाळ किंवा दमेकरी असेल तर हे काम घरात करू नका.

साधारण एक दिवस-रात्र ठेवायचं. पातळ थर असेल तर संध्याकाळी टाकलेला भाग सकाळी तयार असतो. या रॉकेटवर दोन जाड हात होते, म्हणून पूर्ण चोवीस तास लागले. बाहेर काढलं तेव्हा रंग अजून अंगावरच होता आणि मला वाटलं काही झालं नाही. अंगठा फिरवल्यावर मात्र सगळी चादर सरकली. सुरकुतलेला भाग तर बोटाने ओढला तसा पट्टीपट्टीने निघाला. खाली किटचं मूळ पांढरं प्लास्टिक, साच्यातल्या रेघांसकट.

आता सगळ्यात महत्त्वाचं. या टप्प्यावर नळाखाली धरू नका. डेटॉलमध्ये पाणी गेलं की ते पांढरंफटक होतं, हे सगळ्यांनी आंघोळीच्या बादलीत बघितलेलं आहे. तसंच इथे होतं, पण आता त्यात रंग विरघळलेला आहे. पाणी लागताच तो रंग द्रावणातून बाहेर पडून डांबरासारखा चिकट होतो आणि नक्षीत जाऊन बसतो. मग काढता काढता नाकी नऊ येतात. म्हणून पहिली घासणी ताज्या डेटॉलनेच. उथळ ताटलीत थोडं ओतायचं, जुना टूथब्रश बुडवायचा, रेघेच्या दिशेने घासायचं, कापडाने टिपायचं. पुन्हा ब्रश, पुन्हा कापड. कापडावर रंग यायचा थांबला की मग भांडी घासायचं द्रावण आणि साधं पाणी. गरम पाणी नको. पातळ स्टायरीन वाकतं.

पहिल्या टप्प्याच्या मधोमध, दोन टाक्यांच्या सांध्यावर, उभ्या बारीक पन्हळ्या आहेत. खऱ्या रॉकेटवरही असतात. त्यांच्या खाचांत ब्रशचे केस पोचत नाहीत. तारेचा ब्रश प्लास्टिक ओरबाडतो, सुईने रेघ पडते. इथे खराट्याचा हीर कामी आला. माडाच्या झावळीचा हीर टोकाला तिरका कापायचा. तो प्लास्टिकपेक्षा मऊ आणि रंगाच्या लगद्यापेक्षा कडक. डेटॉलमध्ये बुडवून एकेका खाचेतून ओढला की पांढरी सुतळी निघावी तसा रंग बाहेर येतो. टोक बोथट झालं की कापायचं, पुढचं टोक. मी हे व्हरांड्यात बसून केलं, पाऊस लागलेला, रेडिओ चालू. कंटाळा आला नाही हे खोटं सांगणार नाही, पण हात सरावल्यावर जमतं.

काय निघालं नाही तेही सांगतो. पंखांना भाच्याने आधी कॅनमधला राखाडी प्रायमर मारला होता. तो लॅकर, म्हणजे थिनरच्या जातीच्या द्रावणातला. डेटॉलने वरचा इनॅमल सोलून दिला, प्रायमर मात्र बहुतेक जागी तसाच. आयपीएने थोडा आणखी गेला. उरलेला मी राहू दिला. घट्ट बसलेला प्रायमर म्हणजे नव्या रंगाला फुकटची पकड. नुसता १००० नंबरचा वॉटर पेपर पाणी लावून फिरवला. ज्यांना "शंभर टक्के नग्न प्लास्टिक" हवंच असतं त्यांनी लॅकरवर डेटॉल वाया घालवू नये. गाडीच्या टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या, रंगावर तर नाहीच नाही, त्याला हे हात लावत नाही. आणि कॅनमधल्या जहाल रंगाने जर प्लास्टिकचा पृष्ठभागच खाऊन तो खडबडीत केला असेल, तर कुठलंही रसायन तो सपाट करून देणार नाही. तिथे घासणंच. कापलेल्या गुणाचा उरलेला अर्धा इथला.

पाण्यात भिजवून लावायची चिकटचित्रं, म्हणजे डेकल्स, असतील तर ती जातात. "यूएसए" आणि झेंडे वाचवायची आशा ठेवू नका. खिडक्यांचे पारदर्शक भाग आधी काढून ठेवा.

एक फायदा अनपेक्षित झाला. रंग उतरवल्यावर नव्याने पट्टे आखायचे, म्हणून खऱ्या रॉकेटचे फोटो शोधून बघितले. भाच्याने खोक्यावरच्या चित्राप्रमाणे पन्हळ्यांच्या भागावरही काळं मारलं होतं. हे पट्टे मुळात रॉकेट स्वतःभोवती किती फिरतंय हे जमिनीवरच्या कॅमेऱ्यांना कळावं म्हणून होते. पण पन्हळ्यांवरचं काळं होतं ते ५००-एफ नावाच्या वाहनावर. १९६६ मध्ये प्रक्षेपण तळ आणि उभारणीची जुळवणी तपासायला ते उभं केलं, उडालं कधीच नाही. काळ्यामुळे तो भाग उन्हात फार तापतो म्हणून उडालेल्या रॉकेटांवर तो पांढरा केला. ९ नोव्हेंबर १९६७ ला पहिलं सॅटर्न व्ही उडालं तेव्हा तिथे पांढरंच होतं. खोक्यांवरची चित्रं मात्र अजूनही कितीतरी ठिकाणी ५००-एफचीच. फोनवर सांगितलं तर भाचा म्हणाला, "म्हणजे रंग बिघडला ते बरंच झालं." पोरगं वकील होईल.

त्याच पाइपात नंतर दुसरा प्रयोग केला. ओळखीतल्या एका शाळेच्या प्रदर्शनातलं इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटचं मॉडेल, थ्रीडी प्रिंटरवर छापलेलं, पीएलए प्लास्टिकचं. अ‍ॅक्रिलिकचा रंग डेटॉलने सुटला, पण छापील वस्तूच्या थराथरांत आणि आतल्या पोकळीत ते शिरून बसतं. महिना झाला, कपाट उघडलं की वास येतो. छापील मॉडेलांना आयपीए आणि ब्रश बरा, बुडवणं नको. आणि उडवायच्या मॉडेल रॉकेटांची मऊ, मेणचट पॉलिथिनची नाकं असतात, त्यांच्यावर रंग मुळातच धरत नाही. नखाने सोला.

आता मांजर. हे हसण्यावारी नेऊ नका. क्लोरोझायलेनॉलसारखी फिनॉलच्या जातीची रसायनं मांजराच्या शरीराला पचवता येत नाहीत, आणि कोकणातल्या घरात मांजर नाही असं घर दाखवा. ताटलीत सांडलेलं डेटॉल पंज्याला लागलं आणि तिने पंजा चाटला की तेवढं पुरे. आमची मनी पाइपाच्या टोपणावर बसायला बघायची म्हणून पाइप शेवटी न्हाणीघरात, कडी लावून. ताटली वापरून झाली की लगेच पुसायची.

वापरलेलं डेटॉल गटारात किंवा विहिरीच्या आसपास ओतू नका. माशांना ते विषारी आहे, आणि आमचं सगळं गटार शेवटी खाडीतच जातं. सेप्टिक टँकमधले उपयोगी जंतूही मरतात. मी ते जुन्या सुती बनियनमधून गाळतो. रंगाचा गाळ बनियनवर राहतो, तो वाळवून कचऱ्यात. खालचं द्रावण गढूळ दिसतं पण पुढच्या वेळच्या भिजवणीला चालतं. शेवटच्या ताज्या घासणीला तेवढं नवीन घ्यायचं. अशा हिशेबाने एक लिटर बरंच पुरतं.

रंग पुन्हा कधी मारायचा? मी भाच्याला दिवाळीपर्यंत थांब म्हटलंय. दसऱ्यानंतर वारा फिरला, हवा कोरडी झाली की मगच. धुतलेले भाग सावलीत पसरून ठेवलेत, उन्हात नाही. गाडीच्या काचेखाली तर नाहीच. दोन हातांमध्ये इनॅमलला पूर्ण वाळू द्यायचं, वास पूर्ण जाईपर्यंत. नाक भागाला लावून वास घ्या. वास आहे तोवर दुसरा हात नाही. घाई असेल तर पाण्यातला अ‍ॅक्रिलिक घ्या.

बाटली कुठली घ्यावी? मोठी. लहान बाटल्या मिलिलिटरच्या हिशेबाने महाग पडतात. घरी आधीची अर्धी असेल तर ती घरच्यांसाठी राहू द्या. वापरून गाळलेल्या बाटलीवर मार्करने मोठ्या अक्षरात "रंगाचं, जखमेला लावू नये" लिहा आणि मूळ लेबल खरवडून टाका. परवा आईला विळीवर कापलं तर ती तीच बाटली घेऊन आली होती.